डर्ट बाइक जरूर शिका, पोरांनाही शिकवा. पण वाडीच्या पायवाटेवर नको

पाऊस ओसरायला लागला की आपल्याकडे दोन गोष्टी ठरलेल्या. भात पिवळं पडायला लागतं, आणि रविवारी सकाळी सातच्या आत चौकपासून काशेळेपर्यंत मोठ्या सायलेन्सरचे आवाज सुरू होतात. पूर्वी यात फक्त विशी-पंचविशीतली पोरं असायची. आता चित्र बदललंय. चाळिशीला टेकलेला बाप, सोबत आठ-दहा वर्षांचं पोरगं, आणि पिकअपच्या हौद्यात दोरीने बांधलेल्या दोन बाइक. एक मोठी, एक गुडघ्याएवढी. नंबर प्लेट दोन्हीला नाही.

यावर आपल्या तालुक्यातल्या ग्रुपवर दोनच मतं वाचायला मिळतात. एक, हे सगळं बंद करा, पोलिसांनी उचलून न्या. दुसरं, काय बिघडलं, पर्यटन वाढतंय, चहावाल्यापासून वडापाववाल्यापर्यंत सगळ्यांना दोन पैसे मिळतायत. मला दोन्ही पटत नाहीत, म्हणून हे लांबलचक लिहितोय. सवडीने वाचा.

आधी माझी बाजू सांगून टाकतो, म्हणजे "याला गाड्यांचा राग आहे" असं कुणी म्हणायला नको. मी स्वतः मातीत बाइक चालवतो. वयाच्या एकोणचाळीसाव्या वर्षी सुरुवात केली. मुलगी नऊ वर्षांची आहे, ती पण शिकतेय. मित्राच्या कुंपण घातलेल्या वरकस जमिनीत आमची शाळा भरते. त्यामुळे हा खेळ काय देतो ते मला बाहेरून सांगायची गरज नाही. दिवसभर मोबाइलला चिकटलेलं पोर दोन तास धुळीत लोळून घरी येतं आणि साडेआठला झोपतं. बापाचंही तेच.

चाळिशीत शिकता येतं का, असं बरेच जण विचारतात. येतं. फक्त डांबरी रस्त्यावर वीस वर्षं गाडी चालवली म्हणजे आपल्याला येतंच, हा समज घरी ठेवून यायचं. डांबरावर आपण बसून चालवतो. मातीत उभं राहावं लागतं. फूटरेस्टवर उभं राहायचं, गुडघ्यांनी टाकी धरायची, कोपरं बाहेर, आणि नजर पुढच्या चाकाखालच्या दगडावर नाही तर दहा-पंधरा मीटर लांब. जिथे बघाल तिथे गाडी जाते. दगडाकडे बघितलं की दगडावरच जाणार. पुढचा ब्रेक आपल्याला सवयीने जोरात दाबायची खोड असते, सुट्या मुरुमावर तेवढ्याने पुढचं चाक निसटतं आणि आपण आडवे. म्हणून पहिले चार-पाच दिवस फक्त क्लच, मागचा ब्रेक आणि चालण्याच्या वेगाने आठचा आकडा काढणं. कंटाळवाणं आहे. पण याच्याशिवाय पुढचं सगळं फुकट.

बाइक कुठली, हाही ठरलेला प्रश्न. हिरोची एक्सपल्स २०१९ ला आली आणि आपल्यासारख्यांसाठी हा खेळ आवाक्यात आला. पुढे २१ इंची चाक, मागे १८ इंची, खालून भरपूर उंची, किंमत दीड ते दोन लाखांच्या दरम्यान, पासिंग होतं, नंबर मिळतो, त्यामुळे घरून निघून चालवत जाता येतं आणि चालवत परत येता येतं. परदेशी बनावटीच्या खऱ्या मोटोक्रॉस बाइक रस्त्यासाठी बनलेल्याच नसतात. ना हेडलाइट, ना इंडिकेटर, ना नोंदणी. त्या टेम्पोतून न्यायच्या आणि ट्रॅकवर चालवायच्या. पण वजन विसरू नका. एक्सपल्स सुद्धा दीडशे किलोच्या वर भरते. दिवसातून चार वेळा ती आडवी पडणार आणि चार वेळा उचलावी लागणार. उचलायचं तंत्र आधी शिका, नाहीतर सोमवारी कंबर धरून कामावर जाल. हँडल पूर्ण वळवून, पाठ गाडीकडे करून, पायांच्या जोरावर उचलायची. कमरेने ओढायची नाही.

आणि बुटांवर पैसे वाचवू नका. लोक बाइकला दोन लाख घालतात आणि पायात कॅनव्हासचे बूट. मातीत सगळ्यात आधी सापडतो तो घोटा.

आता पोरांकडे येतो, कारण खरा मुद्दा तिथे आहे.

आपल्याकडे लहान पोराला टाकीवर बसवून फिरवायची पद्धत जुनी. आमच्या वडिलांनी आम्हाला राजदूतच्या टाकीवर बसवूनच जत्रा दाखवली. पण कायदा स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे दुचाकीवर चालकाशिवाय एकच माणूस, आणि तोही चालकाच्या मागे, नीट सीटवर. चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट. चार वर्षांखालच्या मुलांसाठी फेब्रुवारी २०२३ पासून नियम लागू आहे: चालकाला बांधून ठेवणारा पट्टा, डोक्याला मापाचं हेल्मेट, आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत. आपल्या बाजारपेठेत उभं राहून मोजा, किती जण पाळतात ते. मातीत तर टाकीवरचं पोर म्हणजे बापासाठीची एअरबॅग. गाडी खड्ड्यात आपटली की आपली छाती आणि हँडल यांच्या मध्ये कोण आहे, एवढाच विचार करा.

पोराला शिकवायचं तर त्याच्या मापाची गाडी हवी. बसल्यावर दोन्ही पाय पूर्ण जमिनीला टेकले पाहिजेत, नुसते चवडे नाही. त्याआधी सायकल पक्की यायला हवी, म्हणजे एका हाताने चालवता येणं, उतारावर ब्रेक धरत येणं, उभं राहून पेडल मारता येणं. ज्याला सायकल येत नाही त्याला इंजिन देऊ नये, मग बापाची ऐपत कितीही असो. लहान मुलांच्या चांगल्या बाइकना अ‍ॅक्सिलरेटर मर्यादित ठेवणारा स्क्रू असतो. यामाहाच्या पीडब्ल्यू ५० मध्ये तो कित्येक दशकांपासून आहे. शिवाय मनगटाला बांधायची दोरी, जी ओढली गेली की इंजिन बंद. ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त ४९ सीसीच्या दोरी ओढून चालू करायच्या बाइकमध्ये यातलं काय आहे ते घेण्याआधी उघडून बघा. ब्रेकची केबल सुद्धा बघा.

आम्ही पहिले तीन रविवार इंजिन चालूच केलं नाही. हलक्या उतारावरून गाडी सोडायची आणि ब्रेकने थांबवायची, एवढंच. थांबवता आलं की मग चालवणं. आपल्याकडे उलटं करतात. पहिल्याच दिवशी "दे रेस, दे रेस" म्हणून व्हिडिओ काढतात आणि पोर घाबरून अ‍ॅक्सिलरेटर आवळून धरतं. घाबरलेलं मूल मूठ सोडत नाही, आवळतं. हे ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायची गरज नाही.

अजून एक, जे कुणी सांगत नाही. बाप आणि पोर दोघंही नवशिके असतील तर दोघांनी एकाच वेळी चालवायचं नाही. पोर चालवत असताना बापाने हेल्मेट काढून, बाइक स्टँडला लावून, बाजूला उभं राहायचं. बाप चालवतोय तर पोरापाशी दुसरं मोठं माणूस हवं. आमच्याकडे बायको येते, नाहीतर मित्र. तिसरं माणूस नसेल तर त्या दिवशी माझी बाइक चालू होत नाही. दोघं मिळून ट्रेलवर जायचं स्वप्न छान आहे, पण ते तीन-चार वर्षांनंतरचं.

हेल्मेट मापाचं हवं. पोर मोठं होईल म्हणून दोन साइझ मोठं घेणं शाळेच्या गणवेशाला ठीक. डोक्यावर गरगर फिरणारं हेल्मेट पडताना मानेला हिसका देतं. टेपने डोकं मोजा, तोंड झाकणारं घ्या, वजन हातात घेऊन बघा, कारण लहान मानेला मोठ्यांचं जड हेल्मेट पेलत नाही. छातीचं कवच, गुडघे, कोपर, हातमोजे. हे सगळं घेतल्यावर बाइकला पैसे उरत नसतील तर बाइक पुढच्या वर्षी.

इतकं सगळं कवच घालूनही धोका शून्य होत नाही, हे आईबापांनी डोळे उघडे ठेवून मान्य करावं. ऑगस्ट २०२३ मध्ये बंगळुरूचा श्रेयस हरीश हा १३ वर्षांचा गुणी रेसर चेन्नईच्या सर्किटवर शर्यतीत पडून गेला. तिथे मार्शल होते, अँब्युलन्स होती, अंगावर पूर्ण पोशाख होता. तो डांबरी ट्रॅक होता, वेग वेगळा होता, मान्य. पण आपल्या मुलाला आपण कशात घालतोय हे माहीत असलं पाहिजे. आपल्याकडे माळावर डोक्याला मार लागला तर कर्जत किंवा खोपोलीत प्राथमिक उपचार, आणि तिथून पुढे पनवेल, नवी मुंबई. रविवारी संध्याकाळी परतीच्या गर्दीत चौकच्या पुढे किती वेळ लागतो, तुम्हाला ठाऊक आहे. खोपोलीची "अपघातग्रस्तांच्या मदतीसाठी" ही टीम आणि यशवंती हायकर्सची मंडळी वर्षानुवर्षं घाटात, दरीत उतरून लोकांना बाहेर काढतायत. त्यांच्या जिवावर आपण बिनधास्त होणं बरं नाही.

आता रस्त्याचं. अठरा वर्षांखालच्या मुलाने सार्वजनिक जागी मोटारसायकल चालवायची नाही. पन्नास सीसीच्या आतल्या गाडीला सोळा वर्षं आणि लायसन्स. सप्टेंबर २०१९ पासून कलम १९९अ आलंय. मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. पुण्यात १९ मे २०२४ ला कल्याणीनगरला काय झालं आणि नंतर घरातल्या मोठ्यांच्या मागे काय लागलं, ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. आपल्याकडे मात्र अजून "गावातच चालवतोय ना" हे उत्तर चालतं. कायद्यात सार्वजनिक जागा म्हणजे फक्त डांबरी रस्ता नाही. जिथे लोकांना येण्या-जाण्याचा हक्क आहे अशी कुठलीही वाट त्यात येते. वाडीची पायवाट येते. नदीकाठ येतो. गावकीचं मैदान येतं.

दुकानदार सांगतात, "साहेब, इलेक्ट्रिक आहे, लायसन्सची भानगड नाही." अर्धं खरं. मोटरची ताकद २५० वॉटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल तरच ती सवलत आहे. मुलांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक इलेक्ट्रिक डर्ट बाइक याच्या बऱ्याच पुढच्या आहेत. बॅटरीच्या बाजूचा स्टिकर वाचा.

मग जागा कुठली? इथे घोडं अडतं, आणि माझा खरा राग पण इथेच आहे.

बाहेरून येणाऱ्याला आपला तालुका रिकामा दिसतो. डोंगर, माळ, मोकळी शेतं. त्याला वाटतं इथे कोण आहे अडवायला. अहो, भातकापणी झाली म्हणजे शेत मोकळं झालं असं नाही. त्याच ओलीवर आपण वाल टाकतो, पावटा टाकतो, हरभरा टाकतो. जानेवारीत ज्या पोपटीसाठी हीच पाहुणेमंडळी फार्महाऊसवर मडकं लावायला सांगतात, ते वाल याच "मोकळ्या" शेतातले. राजनाल्याचं पाणी मिळणाऱ्या पट्ट्यात उन्हाळी भात असतं. बांधावरून दहा बाइक उड्या मारत गेल्या की बांध ढासळतो. तो पुन्हा घालायला माणूस लावा, मजुरी द्या. कोण देतो? एप्रिल-मे मध्ये राब भाजून ठेवलेला असतो, त्यावरून चाकं गेली तर रोपवाटिकेची जागाच उधळली. हे नुकसान पंचनाम्यात कुठेच येत नाही, कारण ते अतिवृष्टीने झालेलं नसतं.

आणि ज्याला हे लोक "ट्रेल" म्हणतात, ती कुणाची तरी रोजची वाट असते. ठाकरवाडी, कातकरवाडीतल्या बाया त्या वाटेने डोक्यावर मोळी घेऊन उतरतात, पोरं आश्रमशाळेत जातात, आजारी माणसाला झोळी करून खाली आणतात. इर्शाळवाडीला १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली तेव्हा तिथे गाडी जाईल असा रस्ता नव्हता. बचावपथकं अंधारात, पावसात, पायी चढून गेली. बाइकमुळे दरडी कोसळतात असलं काही मी म्हणत नाही. एवढंच म्हणतो की जिथे पायवाट हाच रस्ता आहे, तिथे ती पायवाट नांगरून ठेवायचा हक्क कुणालाही नाही. ओल्या मुरुमाच्या चढावर मागचं चाक जागेवर फिरलं की चर पडतो. पुढच्या पावसात पाणी त्याच चरातून वाहतं. दोन पावसाळ्यांत वाटेची घळ होते. मग त्याच घळीतून सामानाची पाटी घेऊन म्हातारी उतरणार.

जंगलाचं वेगळंच. राखीव वनात परवानगीशिवाय गाडी घालणं १९२७ च्या वन कायद्याखाली अंगाशी येऊ शकतं. खांडसच्या वर गेलात की भीमाशंकर अभयारण्याची हद्द लागते. माथेरानला तर दस्तुरी नाक्याला गाडी ठेवून पायी जावं लागतं हे पाहुण्यांनाही माहीत असतं, पण २००३ मध्ये केंद्र सरकारने जो इको सेन्सिटिव्ह झोन जाहीर केला तो नुसता वरच्या पठारापुरता नाही, खालचा कर्जत-खालापूरचा भाग त्यात येतो, हे आपल्यालाही कित्येकांना ठाऊक नाही.

यावर लगेच कुणी म्हणेल, आपली गावची पोरं काय कमी आहेत का? नाहीत कमी. स्प्लेंडरचा सायलेन्सर काढून बाजारातून फिरवणारी आपलीच आहेत. पण एक फरक मला खटकतो. आपलं पोरगं बिनालायसन्स सापडलं की नाक्यावर सगळ्यांसमोर चार शब्द ऐकून, दंड भरून येतं. ते बरोबरच आहे. पाहुण्यांचं बारा वर्षांचं पोर बिनानंबरच्या तीन लाखांच्या बाइकवर त्याच नाक्यावरून गेलं की आपण कौतुकाने बघतो आणि मोबाइल काढतो. एकाला टपोरीपणा आणि दुसऱ्याला अ‍ॅडव्हेंचर म्हणायचं, असं का?

रिसॉर्टवाल्यांबद्दल पण बोललं पाहिजे. सगळे तसे नाहीत. पण चार चाकांच्या एटीव्हीवर सहा-सात वर्षांच्या पोरांना हेल्मेट न घालता फेऱ्या मारू देणाऱ्या जागा आपल्याकडे आहेत, मी डोळ्यांनी पाहिल्यात. एटीव्हीला चार चाकं आहेत म्हणून ती सुरक्षित, असा गैरसमज आहे. ती उलटली की चालवणाऱ्याच्या अंगावर येते, बाइकसारखी बाजूला पडत नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना कित्येक वर्षं सांगतेय की सोळा वर्षांखालच्या मुलांनी एटीव्ही चालवू नये. तिथे हा खेळ आपल्यापेक्षा पन्नास वर्षं जुना आहे, म्हणजे त्यांनी अपघातही तेवढेच पाहिलेत. आपल्या राज्याने २०२१ मध्ये साहसी पर्यटन धोरण आणलं. असे उपक्रम चालवणाऱ्याने पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची, सुरक्षेची व्यवस्था ठेवायची. पुढच्या वेळी फेरीचे पैसे देण्याआधी काउंटरवर नोंदणी क्रमांक विचारा. नुसता विचारा. चेहरा बघण्यासारखा होतो.

बैलगाडा शर्यतीचं उदाहरण घ्या. कितीतरी वर्षं कोर्टकचेरी झाली, १८ मे २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने राज्याचा कायदा वैध ठरवला. आज शर्यत लावायची तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, अनामत रक्कम, बैलांची पशुवैद्यकाकडून तपासणी. गोविंदाच्या थरांवर १४ वर्षांखालचं पोर चढवायचं नाही, हेही ठरलंय. म्हणजे बैलाला डॉक्टरचा दाखला लागतो, गोविंदाला वय लागतं, आणि नऊ वर्षांच्या पोराला इंजिनवर बसवून माळावर सोडायला काही म्हणजे काही लागत नाही.

"बंद करा" म्हणणाऱ्यांना माझा सवाल: बंद करून कुठे जाणार? धबधब्यांवर दर पावसाळ्यात बंदीचा आदेश निघतो. दर पावसाळ्यात लोक येतात, पोलिसांची डोळ्यांत तेल घालून ड्युटी लागते, तरी कुणीतरी आडवाटेने घुसतं आणि बुडतं. बाइकचं पण तसंच होईल. चौकात अडवलं तर काशेळेकडून येतील.

म्हणून मला वाटतं की कर्जत-खालापूरमध्ये एक रीतसर मातीचा ट्रॅक हवा. एकच, पण नीट. डोंगरात नको, जंगलाच्या हद्दीत नको, वाडीला लागून नको. वरकस पडीक जमीन आहे. काम बंद पडलेल्या दगडखाणींचे सपाट तळ आहेत. त्यांचे कडे सुरक्षित करून आणि पाणी साचलेले भाग कुंपणाने तोडून, एखादा वापरात आणता येईल का ते तरी बघा. दोन-तीन एकरांत नवशिक्यांचा आणि मुलांचा ट्रॅक होतो. मातीचे उंचवटे, वळणं, कडेला गवताच्या पेंढ्या. पेंढा आपल्याकडे काय कमी आहे? एक प्रशिक्षक, एक प्रथमोपचार जाणणारा माणूस, उभी असलेली एक गाडी. पावसाळ्यात जून ते सप्टेंबर बंद. आवाजाची वेळ ठरलेली, सकाळी आणि दुपारी, बारावी-दहावीच्या परीक्षेत बंद. बाहेरच्यांकडून दिवसाचे पैसे घ्या, नीट घ्या. ग्रामपंचायतीला त्यातला वाटा, आणि कामाला गावातलीच पोरं.

सिनेमातलं वाटतंय का? कर्नाटकात कोलारजवळ सी. एस. संतोषने बिगरॉक डर्टपार्क उभं केलंय. २०१५ मध्ये डकार रॅली पूर्ण करणारा तो पहिला भारतीय. तिथे चाळिशीतली नोकरदार मंडळी पैसे भरून शिकायला जातात. जवळचं बघायचं तर पुण्याचा ऋग्वेद बारगुजे राष्ट्रीय सुपरक्रॉसचा विजेता आहे. जानेवारी २०२४ मध्ये सुपरक्रॉस लीगची पहिली फेरी पुण्यात बालेवाडीला झाली, स्टेडियममध्ये माती ओतून ट्रॅक केला होता. शोरनूरच्या हरिथ नोआने २०२४ च्या डकारमध्ये आपला गट जिंकला. बंगळुरूच्या ऐश्वर्या पिसेने २०१९ मध्ये बाजा प्रकारात महिलांचा विश्वकरंडक आणला. हे मी माझ्या मुलीला मुद्दाम सांगतो, कारण आमच्या नात्यातल्या एका काकूंनी तिला विचारलं होतं, मुलीच्या जातीला हे कशाला.

आणि ट्रॅक झाला तर पहिली अट माझी ही: आठवड्यातून एक दिवस तालुक्यातल्या मुलांना फुकट किंवा नाममात्र पैशात. चार सामायिक बाइक, दहा हेल्मेट. खोपोली-कर्जतच्या गॅरेजमध्ये पाने हातात घेऊन वाढलेली जी पोरं आहेत, ज्यांना आवाजावरून कार्ब्युरेटर कळतो, त्यांच्यातलं एखादं खरंच चांगलं चालवत असेल. त्याला आज एकच शाळा आहे, रात्री दहानंतरचा मोकळा रस्ता. त्या शाळेचा निकाल आपण जुन्या हायवेवर अधूनमधून बघतोच.

तोपर्यंत काय, असं विचाराल. तोपर्यंत कुंपण असलेली खाजगी जागा, मालकाची परवानगी, जमलं तर लेखी. गावच्या पोलीस पाटलाला आधी कल्पना. बाइक टेम्पोतून न्यायची, पोराला चालवत नाही. विम्याची पॉलिसी उघडून वाचा, शर्यत-स्पर्धा बहुतेक पॉलिसींमधून वगळलेली असते. आणि शेजारच्या शेतात वाल असेल तर धूळ कुठे जाते तेही बघा. आम्ही मित्राच्या जागेत पाणी मारून सुरुवात करतो. शेजारचे काका पहिल्यांदा काठी घेऊन आले होते. आता सुट्टीच्या दिवशी तेच खाटेवर बसून, पोरगी कुठे चुकली ते सांगतात. त्यांनी आयुष्यभर बैल हाकलेत. वळणावर आतल्या बाजूला जोर घालायचा नसतो हे त्यांना माझ्याआधी कळलं.

२ ऑक्टोबरला ग्रामसभा आहे. आमच्या गावात मी हा विषय लेखी देतोय: वाड्यांच्या पायवाटांवर आणि लागवडीच्या शेतात बाइक-एटीव्हीला बंदीचा ठराव, आणि त्याच ठरावात ट्रॅकसाठी जागा शोधायची मागणी तहसीलदार आणि पर्यटन खात्याकडे. दोन्ही एकत्र, सुटं सुटं नाही. मसुदा तयार आहे. चौक, कळंब, काशेळे, कोंदिवडे, खांडस बाजूच्या कुणाला आपल्या ग्रामपंचायतीत द्यायचा असेल तर सांगा, पाठवतो. फक्त गावाचं नाव आणि वाटांची नावं तुमची तुम्ही भरा, ती तुम्हालाच माहीत.